‘गॉना’, ‘एन्ट’, ‘ही बी वर्किंग’ : बोलण्यातल्या इंग्रजीला नियम असतात का?

कृष्णाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

मी कराडला अकरावी-बारावीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. हल्ली मुलांच्या कानावर दोन इंग्रजी पडतात. एक पाठ्यपुस्तकातलं आणि दुसरं मोबाइलवरच्या मालिका, गेम, रील यांतलं. या दुसऱ्याबद्दल मुलांनी काही विचारलं की त्यांना ठरलेलं उत्तर मिळतं, "ते चुकीचं आहे, पेपरात लिहू नकोस." पेपरात लिहू नकोस हे मला मान्य आहे. ‘चुकीचं आहे’ हे मात्र मान्य नाही, म्हणून हा धागा काढतेय.

‘गॉना’ घ्या. ‘गोइंग टु’ भरभर म्हटलं की ‘गॉना’ होतं, एवढंच आपण सांगतो आणि पुढे जातो. मग एखादा मुलगा लिहितो, ‘आयॅम गॉना कोल्हापूर टुमॉरो’. हे वाक्य जन्मापासून इंग्रजी बोलणारा माणूस बोलणार नाही, मग तो शाळेची पायरी न चढलेला का असेना. कारण ‘गोइंग टु’ एक नाही, दोन आहेत. एकात माणूस खरोखर कुठेतरी निघालेला असतो. दुसऱ्यात जाण्याचा काही संबंध उरलेला नसतो, फक्त पुढे काय होणार ते सांगायचं असतं. ‘गॉना’ होतं ते या दुसऱ्याचंच, आणि त्याच्यापुढे क्रियापद लागतं. ‘आयॅम गॉना ईट’ चालतं, ‘आयॅम गॉना कोल्हापूर’ चालत नाही. हा नियम तिकडच्या पोरांना कुणी शिकवत नाही. शाळेत जायच्या आधीच ती तो पाळायला लागतात.

‘वॉना’ तर याहून काटेकोर. ‘हू डू यू वॉन्ट टु हेल्प?’ या प्रश्नाचे दोन अर्थ निघतात. ‘तुला कुणाला मदत करायची आहे?’ आणि ‘कुणी मदत करावी असं तुला वाटतं?’ आता यात ‘वॉन्ट टु’च्या जागी ‘वॉना’ घाला. बहुतेक इंग्रजी भाषकांच्या कानाला फक्त पहिला अर्थ ऐकू येतो, दुसरा नाहीसा होतो. ज्याला आपण आळशी उच्चार म्हणतो तो असा बघून-सवरून, जागा निवडून होतो!

तिसरं, दोन नकार. ‘आय एन्ट गॉट नो मनी’ यात ‘एन्ट’ हा एक नकार आणि ‘नो’ हा दुसरा, म्हणजे ‘माझ्याकडे पैसे नाहीत असं नाही’, असा गणिती अर्थ लावून आपण हसतो. पण हे बोलणारा आणि ऐकणारा दोघांनाही कळतं की खिसा रिकामा आहे. इंग्रजीत ही फार जुनी रीत आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसर या इंग्रज कवीने आपल्या काव्यातल्या सरदाराचं वर्णन करताना दोन ओळींत चार नकार घातलेत, आणि सगळे मिळून नकारच होतो. दोन नकारांचा होकार होतो हा नियम अठराव्या शतकातल्या व्याकरणकारांनी पक्का केला. त्यात रॉबर्ट लाउथ या पाद्रीबाबाचं नाव हमखास घेतलं जातं. त्याचं व्याकरण १७६२ साली आलं आणि पुढे पिढ्यान् पिढ्या शाळांतून चाललं. म्हणजे ‘चूक’ आधी होती आणि नियम मागाहून आला.

तुमच्या आजूबाजूला असं कुठलं इंग्रजी ऐकू येतं? एकच विनंती, नुसता शब्द देऊ नका. तो कोण वापरतं, कुणाशी वापरतं आणि कुठे चालत नाही, हेही लिहा.

---

लीड्सकर

ताई, अगदी गरजेचा विषय काढलात. मी इथे उत्तर इंग्लंडात, यॉर्कशरमधल्या लीड्सला एका रुग्णालयात नर्स आहे. यायच्या आधी इंग्रजीची परीक्षा दिली, चांगल्या गुणांनी पासही झाले. पण यॉर्कशरच्या वॉर्डात जे ऐकू येतं त्यातलं निम्मं त्या परीक्षेत नव्हतं. मला वाटतं, नव्याने येणाऱ्या प्रत्येकीला हे आधी सांगायला हवं, कारण इथे शब्दाचा अर्थ चुकला तर त्याची झळ पेशंटला बसते.

‘आय फील पूअरली’ म्हणजे बरं वाटत नाहीये. पैशाअडक्याचा काही संबंध नाही. ‘आय हॅव बीन सिक’ म्हणजे इथे बहुतेक वेळा ‘मला उलटी झाली’, नुसतं ‘मी आजारी होतो’ नाही. नोंद करताना हा फरक फार मोठा. एखाद्या आजीबाई ‘आय नीड टु स्पेंड अ पेनी’ म्हणाल्या तर त्यांना लघवीला जायचंय, पर्स शोधत बसू नये. ‘नाउट’ म्हणजे काही नाही, ‘आउट’सारखा ऐकू येणारा ‘ओउट’ म्हणजे काहीही, आणि ‘सम्मट’ म्हणजे काहीतरी. ‘आय एन्ट हॅड नाउट’ म्हणजे सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही. कृष्णाकाठ ताई, तुमचे दोन नकार इथे रोज भेटतात.

सगळ्यात गोंधळ घालणारा शब्द ‘व्हाइल’. इथली जुनी माणसं ‘अनटिल’च्या जागी ‘व्हाइल’ म्हणतात. ‘नाइन व्हाइल फाइव्ह’ म्हणजे नऊ ते पाच. ‘आय वोन्ट बी बॅक व्हाइल मंडे’ म्हणजे सोमवारपर्यंत येणार नाही. रेल्वे फाटकावर ‘दिवा लाल असताना थांबा’ अशी पाटी लावली आणि यॉर्कशरच्या माणसाने ‘दिवा लाल होईपर्यंत थांबा’ अशी वाचली, असा किस्सा इथे सांगतात.

जेवणाच्या वेळाही नीट विचारून घ्याव्या लागतात. उत्तरेत पुष्कळांचं ‘डिनर’ दुपारी असतं आणि ‘टी’ म्हणजे संध्याकाळचं जेवण. ‘टीनंतर गोळी घेते’ म्हणाल्या तर ती चहानंतरची गोळी नव्हे.

आणि ‘यू ऑलराइट, लव्ह?’ ही नुसती दखल आहे. उत्तर ‘यॅ, यू?’ एवढंच. नव्या मुली दचकतात, आपण आजारी दिसतोय की काय! ‘लव्ह’ म्हणणारा बसचा ड्रायव्हर सलगी करत नसतो, आपल्याकडे अनोळखी बाईला ‘ताई’ म्हणतात तसं ते.

---

मुद्रितशोधक

धागा वाचनीय आहे, माहितीही चांगली. तरीही एक मुद्दा ठामपणे मांडतो.

मी अनेक वर्षं इंग्रजी आणि मराठी मजकूर तपासतो. ‘बोलीलाही नियम असतात’ हे भाषाशास्त्र म्हणून शंभर टक्के खरं आहे. पण ज्या मुलाच्या घरी इंग्रजी वर्तमानपत्र येत नाही, ज्याला प्रमाण इंग्रजी ऐकायला मिळतं ते वर्गातल्या तासाभरापुरतंच, त्याला ‘एन्ट’चा नियम सांगून आपण काय साधतो? इंग्रजाच्या पोराला दोन्ही येतं. तो घरात एक बोलतो, कचेरीत दुसरं. आपल्या मुलाकडे एकच असणार असेल तर ते प्रमाणच असलं पाहिजे. अर्जात ‘वॉना’ लिहिणाऱ्याला नोकरी देणारा त्यातला बारीक नियम बघत नाही. तो कागद बाजूला ठेवतो.

शिवाय सगळंच ‘बोली’ म्हणून पोटात घालता येत नाही. ‘कुड ऑफ’ ही बोली नव्हे, निव्वळ लेखनातली चूक आहे. ‘कुड हॅव’चं ‘कुडव्ह’ झालं, कानाला ‘ऑफ’सारखं वाटलं आणि तसंच लिहिलं. तिथे मी लाल रेघ मारणारच.

---

कृष्णाकाठ

@मुद्रितशोधक, सर, लिहिण्याबाबत आपलं एकमत आहे. माझ्याही वर्गात निबंधात ‘गॉना’ चालत नाही. माझं म्हणणं ऐकण्यापुरतं आणि समजण्यापुरतं आहे. लीड्सकर ताईंनी वर लिहिलंय ते पाहा. परीक्षेत चांगले गुण होते, तरी ‘आय हॅव बीन सिक’चा खरा अर्थ कामावर गेल्यावर कळला. आपली मुलं कॉल सेंटरला लागतात, जहाजावर जातात, परदेशात शिकायला जातात. समोरचा माणूस पुस्तकासारखं बोलणार नाही, याची तयारी करून द्यायला नको का?

आणि ‘चूक’ म्हटलं की मूल तिथे ऐकणंच थांबवतं. हे मी रोज पाहते.

---

अटलांटावासी

मी अमेरिकेतल्या जॉर्जियात राहतो, म्हणून शीर्षकातल्या तिसऱ्या वाक्याबद्दल लिहितो. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे आणि सगळ्यात जास्त गैरसमजही त्याबद्दलच.

‘ही बी वर्किंग’ हे आफ्रिकन-अमेरिकन इंग्रजीतलं रूप आहे. बाहेरच्याला वाटतं, ‘ही इज वर्किंग’ म्हणता आलं नाही म्हणून ‘बी’ ठोकून दिलं. तसं अजिबात नाही. त्या बोलीत आत्ता काम चालू असेल तर ‘ही वर्किंग’ म्हणतात, मधलं ‘इज’ गाळून. ‘ही बी वर्किंग’ म्हणजे तो नेहमी काम करतो, त्याचा तो परिपाठ आहे. आत्ता या क्षणी तो झोपलेला असला तरी वाक्य खरं. ‘ही बी वर्किंग राइट नाऊ’ हे त्या बोलीत बसत नाही.

याची सुंदर चाचणी जॅनिस जॅक्सन या संशोधिकेने लहान मुलांवर घेतली. मुलांना ‘सेसमी स्ट्रीट’ या लहान मुलांच्या टीव्ही कार्यक्रमातल्या पात्रांची चित्रं दाखवली. कुकी मॉन्स्टर आजारी पडून अंथरुणात आहे आणि एल्मो बिस्किटं खातोय. ‘हू इज ईटिंग कुकीज?’ विचारलं तर सगळ्या मुलांनी एल्मो दाखवला. मग विचारलं, ‘हू बी ईटिंग कुकीज?’ ही बोली घरात बोलणाऱ्या मुलांनी कुकी मॉन्स्टरकडे बोट दाखवलं. कारण एरवी बिस्किटं खाणारा तोच! दुसरी मुलं एल्मोच दाखवत राहिली. एवढीशी पोरं, पण व्याकरण पक्कं. आणि चाचणीत कमी पडली ती प्रमाण इंग्रजी बोलणारी मुलं.

ही बोली न कळल्यामुळे मुलांचं नुकसान होतं हे अमेरिकेत कोर्टातसुद्धा गेलंय. १९७९ साली मिशिगनमधल्या ॲन आर्बरच्या खटल्यात न्यायाधीशांनी सांगितलं की वाचन शिकवताना शाळेने मुलांची घरची बोली लक्षात घेतली पाहिजे. पुढे डिसेंबर १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या शाळा मंडळाने या बोलीची दखल घेणारा ठराव केला तेव्हा देशभर गदारोळ झाला, टिंगल झाली. पण जानेवारी १९९७ मध्ये अमेरिकेतल्या भाषाशास्त्रज्ञांच्या संघटनेने ही बोली नियमबद्ध आहे असं स्पष्टपणे सांगितलं.

एक मात्र कळकळीने सांगतो. ही बोली समजून घ्या, पण तोंडी घेऊ नका. आपल्या इकडे आलेल्या पोरांना रॅप ऐकून तसं बोलावंसं वाटतं. ज्या लोकांना या बोलीपायी नोकऱ्या आणि घरं नाकारली गेली, त्यांच्यासमोर ती नक्कल चेष्टेसारखी वाटते.

---

कृष्णाकाठ

@अटलांटावासी, दादा, तुमचा प्रतिसाद वाचून मी उठून उभी राहिले! कारण हा फरक मराठी माणसाला समजावून सांगावाच लागत नाही.

‘तो काम करतोय.’
‘तो काम करत असतो.’

पहिलं आत्ताचं, दुसरं नेहमीचं. ‘कुकी मॉन्स्टर बिस्किटं खात असतो, पण आत्ता एल्मो खातोय’, झालं! ज्या रूपाला अमेरिकेतली माणसं तुटकं इंग्रजी म्हणतात ते आपल्या ‘असतो’चं काम करतंय. प्रमाण इंग्रजीत यासाठी ‘इज ऑल्वेज वर्किंग’ किंवा ‘युजुअली वर्क्स’ असा वेगळा शब्द जोडावा लागतो. या बोलीत ते क्रियापदातच आहे. मग अपुरी भाषा कोणती?

उद्या हे वर्गात घेते.

---

डब्लिनमुक्कामी

या ‘असतो’चा आयरिश भाऊ इथे आहे. ‘ही डझ बी वर्किंग’. अर्थ तोच, नेहमीचं काम. आयरिश भाषेत नेहमीच्या असण्यासाठी क्रियापदाचं वेगळं रूप आहे, ते या लोकांनी इंग्रजीत आणलं.

त्याहून गंमतशीर ‘आयॅम आफ्टर ईटिंग माय डिनर’. आपल्याला वाटेल, जेवणाच्या मागे लागलाय. अर्थ आहे ‘मी आत्ताच जेवलो’. हेही थेट आयरिशमधून उचललेलं. पिढ्यान् पिढ्या आयरिश बोलणारा समाज इंग्रजीकडे वळला तेव्हा शब्द इंग्रजीचे घेतले, पण वाक्याची घडण आपलीच ठेवली.

आणि इथे अनेकांना ‘तुम्ही’ म्हणायला ‘यूज’ किंवा ‘ये’ आहे. प्रमाण इंग्रजीत ‘दाऊ’, म्हणजे एकाला म्हणायचं ‘तू’, मागे पडलं आणि ‘यू’ एकच उरलं, एकाला आणि दहांना. लोकांना ती उणीव जाणवली आणि त्यांनी आपापल्या गावात ती भरून काढली. अमेरिकेच्या दक्षिणेत ‘यॉल’, पिट्सबर्गला ‘यिन्झ’, लिव्हरपूल-ग्लासगोत ‘यूज’. व्याकरणाच्या पुस्तकांनी जागा रिकामी ठेवली, बोलणाऱ्यांनी नाही.

---

फोर्ट_ते_ठाणे

डब्लिनमुक्कामी यांच्या प्रतिसादावरून आपलंच इंग्रजी आठवलं. आमच्या ऑफिसात दिवसभर ऐकू येतं, ‘आय ॲम हिअर ओन्ली’, ‘सेंड इट टुडे इटसेल्फ’. गोरा साहेब गोंधळतो, कारण त्याच्या इंग्रजीत ‘ओन्ली’ म्हणजे ‘फक्त’. आपल्या ‘ओन्ली’त आणि ‘इटसेल्फ’मध्ये ‘च’ दडलाय. इथेच आहे. आजच पाठव. इंग्रजीत जोर द्यायला आवाज चढवतात, आपल्याला जोर द्यायला एक अक्षर हवं असतं, ते आपण ‘ओन्ली’त शोधलं. आयरिश माणसाने ‘आफ्टर’चं केलं तेच आपण केलंय.

‘हू ऑल केम?’ हेही तसंच, ‘कोण कोण आलं?’ यातल्या ‘ऑल’ला माझ्या शाळेत मार खावा लागायचा. हाच प्रयोग अमेरिकेच्या काही भागांत सर्रास चालतो.

‘इझन्ट इट’चंही बघा. ‘यू आर कमिंग, इझन्ट इट?’ म्हटलं की भारतीय इंग्रजी म्हणून बोट दाखवतात. पण लंडनची पोरं कुठल्याही वाक्याला ‘इनिट’ लावतात, कर्ता कुणीही असो. प्रमाण इंग्रजीत दर वाक्याला शेपूट बदलायचं, ‘कान्ट शी’, ‘डोन्ट दे’, ‘वोन्ट यू’. आपला ‘ना’ आणि त्यांचा ‘इनिट’ सगळ्यांना एकच पुरतो. दक्षिण लंडनमधल्या एका शाळेने २०१३ साली ‘एन्ट’, ‘इनिट’ वगैरे शब्द वापरायला बंदी केली होती. त्यावर तिकडेही बरीच चर्चा झाली, म्हणजे मुद्रितशोधक सरांची बाजू मांडणारे तिथेही आहेत.

एका बाबतीत मात्र मी नव्या मुलांना रोखतो. ‘आय पास्ड आउट इन २०२०’. अमेरिकन माणूस याचा अर्थ ‘मी बेशुद्ध पडलो’ असा घेतो. आपण हा शब्द लष्करी शिक्षणसंस्थांच्या ‘पासिंग आउट परेड’सारखा वापरतो, ब्रिटिशांकडूनच आलेला. भारतात खुशाल म्हणा, पण परदेशी क्लायंटला लिहिताना ‘ग्रॅज्युएटेड’ लिहा.

---

वर्धेकर

मी बी.ए.ला आहे. हे सगळं वाचून काहून कोणास ठाऊक, बरं वाटून राहिलं.

आमच्याकडे ‘काय करून राहिला?’ म्हणतात. पुण्यात शिकायला आलो तर होस्टेलवर पोरं तेच वाक्य माझ्या सुरात म्हणून दाखवत. चिडवायला नाही म्हणत, पण पुन्हा पुन्हा म्हणत. मी वर्गात बोलणं कमी केलं. अटलांटावासी दादांनी नकलेबद्दल लिहिलं ते मला समजावून सांगायची गरज नाही.

प्रश्न विचारायचा होता. ‘एन्ट’ नेमकं कशापासून आलं? ‘इझन्ट’पासून की ‘हॅझन्ट’पासून? दोन्हीच्या जागी दिसतं.

---

कृष्णाकाठ

@वर्धेकर, वर्गात बोलत जा रे. ‘करून राहिला’मध्ये काम चालू असल्याचं जितकं नेमकं कळतं तितकंच ‘करतोयस’मध्ये कळतं, काडीचंही कमी नाही. 

‘एन्ट’बद्दल. त्याचं मूळ मुख्यतः ‘ॲम नॉट’मध्ये आहे. ‘ॲम नॉट’चं आधी ‘आन्ट’सारखं रूप झालं, त्यातून ‘एन्ट’. पुढे ‘इझन्ट’, ‘आरन्ट’, ‘हॅझन्ट’, ‘हॅवन्ट’ या सगळ्यांची कामं ते करू लागलं. एके काळी इंग्लंडमधली उच्चकुलीन माणसंही ते बेधडक वापरत. एकोणिसाव्या शतकात शाळामास्तरांनी आणि शिष्टाचाराच्या पुस्तकांनी त्याला अडाणीपणाचा शिक्का मारला. हा शिक्का इतका खोल गेला की १९६१ साली वेबस्टरच्या मोठ्या शब्दकोशाच्या तिसऱ्या आवृत्तीने ‘एन्ट’ची नोंद जरा सौम्य शब्दांत केली तर अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांनी संपादकांवर झोड उठवली.

‘एन्ट’ला हाकललं आणि प्रमाण इंग्रजीत खड्डा पडला. ‘यू आर’चं ‘आरन्ट यू?’ होतं, ‘ही इज’चं ‘इझन्ट ही?’. मग ‘आय ॲम’चं काय? तिथे ‘आरन्ट आय?’ म्हणतात. ‘आय आर’ कुणी म्हणत नाही, तरी ‘आरन्ट आय’ शुद्ध आणि ज्या रूपाचं मूळ ‘ॲम नॉट’मध्ये आहे ते ‘एन्ट आय’ अशुद्ध!

---

मुद्रितशोधक

‘आरन्ट आय’चा मुद्दा बिनतोड आहे. मी ते रूप आजवर कधी तपासून पाहिलं नव्हतं, ते सरळ वाटत असे.

माझं मूळ म्हणणं मात्र कायम आहे. कागदावर प्रमाण भाषा. कृष्णाकाठ, तुम्ही वर्गात हे कसं मांडता? दोन्ही एकदम शिकवलं तर मुलांचा गोंधळ होत नाही का?

---

कृष्णाकाठ

सर, दोन्ही एकदम शिकवत नाही. लिहायला आणि बोलायला प्रमाण, त्यात तडजोड नाही. बोलीचं इंग्रजी फक्त ऐकायला. मुलं मालिकेतलं एखादं वाक्य आणतात, ते फळ्यावर लिहितो आणि तीन गोष्टी शोधतो. हे कोण म्हणतंय, कुणाला म्हणतंय आणि हेच अर्जात कसं लिहाल? ‘लाल रेघ’ मी मारतेच, पण शेजारी ‘चूक’ असं लिहायचं सोडलंय. ‘इथे चालणार नाही’ असं लिहिते. मुलं विचारतात, "मग कुठे चालेल?" आणि तास तिथून पुढे सरकतो.

‘कुड ऑफ’ला मात्र ‘चूक’च लिहिते. त्यात आपलं एकमत आहे.

---

लीड्सकर

ताई, ती तीन प्रश्नांची पद्धत मी इथे नव्या मुलींसाठी उचलतेय. त्यात चौथा घालते, ‘तुम्हाला कळलं नाही तर परत कसं विचाराल?’ ‘सॉरी, लव्ह, डू यू मीन यू वॉमिटेड?’ असं सरळ विचारलेलं इथल्या आजीबाईंना आवडतं. नुसती मान डोलावलेली आवडत नाही.